उभ्या रेषा

पहिली खोली माझीच.
धायरीत, वन रूम किचन, तिसरा मजला, लिफ्ट बंद.
मैत्रिणीकडून चार दिवसांसाठी आणलेली वाइड लेन्स
आणि एक ट्रायपॉड, ज्याचा एक पाय
मधेच गुडघा टेकतो.

सिलिंडर मोरीत ढकलला.
भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, तर मागे
कॅलेंडरएवढाच स्वच्छ चौकोन, जुन्या रंगाचा.
तो कुठे ढकलणार?
कॅलेंडर परत लावलं.

ट्यूब पांढरी, बल्ब पिवळा, खिडकी निळी:
दहा बाय बारात तीन ऋतू.
सगळं विझवलं.
खिडकी धरली तर खोली बुडते,
खोली धरली तर खिडकी जळते.
मग एकाच जागेचे पाच फोटो, अंधारापासून उजेडापर्यंत,
एकावर एक, घडीच्या पोळीच्या पदरांसारखे.

सात वर्षं मी लग्नं काढली.
माणसांना हसवता येतं.
भिंतीला 'जरा इकडे बघा' म्हणता येत नाही.
ती जराशी जरी कलली
तर बघणाऱ्याला घर पडेल असं वाटतं,
का वाटतं ते त्याला सांगता येत नाही.

अठरा फोटो घेऊन कोथरूडला गेले,
गुपचूप बाईंच्या ऑफिसात.
(आडनाव तेवढं गुपचूप.)
त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.
"छान आहेत. पण ही सगळी एकच खोली आहे ना?"
मी गप्प.
"पैसे देणार नाही. बावधनला एक फ्लॅट झालाय,
परवा त्या लोकांना किल्ल्या देतेय. उद्याचा दिवस तुझा.
जे हलवशील ते परत जागेवर."

सकाळी अकराला मी तिथे.
आत जगाराम सुथार, शेवटची बिजागरी बसवत,
ओठांत दोन स्क्रू.
माझी मांडामांड बघत राहिला.
मग स्क्रू काढून म्हणाला,
"आत्ता नका काढू. साडेचारला उजेड येतो इथे."
तुम्हाला कसं माहीत?
"तीन महिने इथेच झोपलो ना, या फरशीवर.
चहा घ्यायचो तेव्हा ऊन पायावर यायचं."

बाईंनी मला प्लॅन दिला होता,
उत्तरेचा बाण काढलेला.
या ओळीचा कागद कोणी दिला नव्हता.

साडेचारला एनडीएच्या टेकडीकडून आलं ते,
फरशीवरून सरकत, कपाटावर चढलं,
आणि सागाच्या विनियरवर रेषा उठल्या,
झोपून उठलेल्याच्या गालावर
चटईच्या उठतात तशा.
जगारामने शर्टाच्या बाहीने दार पुसलं
आणि न सांगता चौकटीबाहेर जाऊन उभा राहिला.
सवय असावी.

निघताना त्याने मोबाइल दाखवला.
दोनशेच्या वर कपाटं, भोरपासून हिंजवडीपर्यंत,
सगळी तिरकी,
निम्म्यांच्या कडेला स्वतःचाच अंगठा.
"मलाही दाखवायला लागतं, मॅडम.
तुमचा एक पाठवाल?"

रात्री लॅपटॉपवर उभ्या रेषा सरळ करत बसले.
ओव्हनच्या काचेत त्याचा खांदा सापडला,
अर्धी बाही, बिस्किटएवढी.
बाईंच्या प्रतीतून पुसला. दोन क्लिक.
त्याला पाठवली ती न पुसलेली,
आणि वाट पाहिली, खांद्याबद्दल काही म्हणेल.

उत्तर साडेअकराला आलं:
'फोटो एक नंबर. पण डाव्या हाताचं दार
एक सूत खाली आहे. जागेवर कळलं नव्हतं.
किल्ल्या द्यायच्या आत
सकाळी जाऊन घेतो.'

मी फोटो मोठा केला. आणखी मोठा.
होतं खरं.